प्रावीण्याची घडण आणि प्राथमिक शिक्षक

प्रत्येक वर्गात दोनतीन मुले अशी असतात की, प्रश्न विचारताच त्यांचे हात वर जातात. शाळा पाहावयास कोणी आले की फळ्यापाशी त्यांनाच बोलावले जाते, स्नेहसंमेलनात कविताही तीच म्हणतात, आणि 'ह्याच्या अंगीच ते आहे' असे आपण कौतुकाने बोलून जातो. ह्या वाक्याला एक दुसरी बाजू आहे. ती कोणी उच्चारीत नाही; परंतु मागल्या ओळीत बसलेल्या मुलांना ती बरोबर ऐकू येते. ज्याच्या अंगी ते नाही त्याने कशाला धडपडावे, असा त्याचा अर्थ ती मुले लावतात. इयत्ता दुसरीत झालेला हा निवाडा पुढे क्वचितच फेरविचारासाठी येतो. म्हणून असामान्य गुण माणसाच्या ठायी येतात ते कसे, त्यांत उपजत देणगीचा वाटा कोणता व तालमीचा कोणता, ह्याविषयी जे खात्रीलायक ठाऊक झाले आहे त्यातील काही भाग शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम एका कुटुंबाची हकीकत पाहू. हंगेरीतील शिक्षणतज्ज्ञ लास्लो पोल्गार ह्यांनी तरुणपणी शेकडो थोर व्यक्तींची चरित्रे अभ्यासिली, आणि असामान्य माणूस जन्मास येत नसून तो घडविला जातो, असे त्यांचे ठाम मत झाले. असे मत पुष्कळांचे असते. पोल्गार ह्यांनी ते आपल्या अपत्यांच्या बाबतीत पडताळून पाहण्याचे ठरविले. त्यांच्या पत्नी क्लारा ह्याही शिक्षिका होत्या. त्यांना तीन मुली झाल्या : सुझान १९६९ साली, झोफिया १९७४ साली व ज्युडिट १९७६ साली. सुझान चार वर्षांची असताना तिच्या हाती घरातील बुद्धिबळाचा पट लागला आणि तिला त्याचे कुतूहल वाटले. ह्या खेळातील प्रगती निःसंदिग्धपणे मोजता येते, हे वडिलांना सोयीचे वाटले. तिन्ही मुलींचे शिक्षण मुख्यतः घरीच झाले व त्यासाठी मातापित्यांना तेथील सरकारी अधिकाऱ्यांशी बरेच झगडावे लागले.

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. १९८४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सुझानचे नाव जगातील स्त्री-खेळाडूंच्या गुणांकन यादीत अग्रस्थानी आले. १९९१ साली ती ग्रँडमास्टर झाली व १९९६ साली महिलांची जगज्जेती. झोफियाने १९८९ साली रोम येथील स्पर्धेत नऊ डावांत साडेआठ गुण मिळविले. ज्युडिट १९९१ साली, वयाला पंधरा वर्षे चार महिने झाली असताना ग्रँडमास्टर झाली आणि अमेरिकेच्या बॉबी फिशरचा १९५८ पासूनचा विक्रम तिने मोडला. २००५ साली जगातील सर्व खेळाडूंत, स्त्रीपुरुष असा भेद न करता, ती आठव्या क्रमांकावर होती. स्त्रियांना हा खेळ उच्च पातळीवर जमणे नाही, असे त्याआधी मोठमोठे जाणकार सांगत असत.

ह्या हकीकतीत शिक्षकाने थांबून पाहावे अशी गोष्ट वेगळीच आहे. ज्युडिटची सुरुवात संथ होती, असे खुद्द थोरल्या बहिणीने सांगितले आहे. तिचे कष्ट मात्र इतर दोघींहून अधिक होते. ज्या मुलीने पुढे जगातील पहिल्या दहांत स्थान मिळविले ती आरंभी तिघींत चटकन उठून दिसणारी नव्हती. तिच्या घरी सातव्या वर्षीच निवड करावयाची पद्धत असती, तर निवड कोणाची झाली असती ह्याचा विचार करावा.

तथापि ह्या उदाहरणावरून वाटेल ते अनुमान काढू नये. तिन्ही मुली एकाच मातापित्यांच्या होत्या. त्यांच्याबरोबर ताडून पाहण्यास परक्या घरचे मूल कोणी वाढविलेले नव्हते. तेव्हा रक्तातून काय आले व तालमीतून काय आले ह्याची वाटणी ह्या प्रयोगातून होऊ शकत नाही. वडील स्वतः साधारण प्रतीचे खेळाडू होते, ही बाब मात्र आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. मुली त्यांच्या पुढे जाताच त्यांनी अधिक जाणत्या प्रशिक्षकांची मदत घेतली. घरात बुद्धिबळाच्या पुस्तकांचा व खेळल्या गेलेल्या डावांच्या टिपणांचा मोठा संग्रह केला. मुली केवळ डावामागून डाव खेळत बसल्या नाहीत, तर पटावरील ठरावीक पेचांची उकल करण्याचा अभ्यास त्यांच्याकडून हजारोंच्या संख्येने करून घेतला गेला.

अशा अभ्यासाने माणसात नेमका कोणता पालट होतो, ह्याचा शोध बुद्धिबळाच्या आधारानेच लागला. अमेरिकेतील विल्यम चेस व हर्बर्ट सायमन ह्यांनी १९७३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रंगात आलेल्या खऱ्या डावाचा पट पाच सेकंद दाखवून झाकावयाचा व सोंगट्या आठवणीने मांडावयास सांगावयाचे. निष्णात खेळाडूने सुमारे सोळा सोंगट्या योग्य घरी मांडल्या, मध्यम खेळाडूने आठ, नवशिक्याने चार. मग त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून ठेविल्या, तेव्हा निष्णात आणि नवशिका ह्यांत म्हणण्यासारखा भेद उरला नाही. ह्याचा अर्थ असा की, निष्णाताची स्मरणशक्ती जात्या दांडगी नव्हती. दीर्घ अभ्यासाने त्याला पटावर सुट्या सोंगट्यांऐवजी ओळखीचे समूह दिसू लागले होते. पहिलीतील मूल 'क', 'म', 'ळ' अशी तीन अक्षरे लावते आणि चौथीतील मूल 'कमळ' हा शब्द एका नजरेत वाचते, तेथे हाच व्यापार घडत असतो. आपण तो रोज पाहतो म्हणून त्याचे नवल वाटत नाही, एवढेच.

ह्याच चेस ह्यांनी अँडर्स एरिक्सन ह्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाबरोबर केलेला व १९८० साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग तर वर्गात सांगण्याजोगा आहे. एका सामान्य बुद्धीच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला दर सेकंदास एक ह्या वेगाने अंक वाचून दाखवीत व ते त्याने क्रमाने परत सांगावयाचे. आरंभी, तुम्हाआम्हांप्रमाणेच, सात अंकांच्या पुढे त्याची मजल जाईना. बरोबर आले की पुढच्या खेपेस एक अंक वाढवावयाचा, चुकले की कमी करावयाचे, म्हणजे पेलवेल त्याच्या अगदी काठावर त्याला सतत ठेवावयाचे, अशी पद्धत होती. आठवड्यातून काही दिवस तासभर ह्याप्रमाणे दीडदोन वर्षांत सुमारे २३० तासांचा अभ्यास झाला आणि तो विद्यार्थी जवळजवळ ऐंशी अंक बिनचूक सांगू लागला. तो धावपटू होता. तीनचार अंकांचा गट त्याच्या कानी पडताच अमुक शर्यतीची अमुक वेळ, असा अर्थ तो त्यास लावीत असे. परंतु अंकांच्या जागी अक्षरे वाचून दाखविताच तो पुन्हा सहा अक्षरांवर आला. पाठांतराने एकंदर स्मरणशक्ती वाढते, असे आपण मुलांना आणि पालकांना सांगत आलो आहोत. पाठांतराचे इतर लाभ आहेत व ते थोडे नाहीत. पण हा दावा वरील प्रयोगाच्या कसोटीस उतरत नाही. ज्याचा अभ्यास करावा तेच सुधारते.

आपल्याकडील तालमीच्या वस्तादांना ही गोष्ट पूर्वीपासून माहीत आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेले खाशाबा जाधव हे पहिलवान घराण्यातले. त्यांचे पहिले वस्ताद म्हणजे त्यांचे वडील दादासाहेब. पुढे कोल्हापुरात ते नावारूपास आले. परंतु १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती मातीच्या हौद्यात नव्हती, गादीवर होती. पाठ लावली की कुस्ती संपली, एवढा आपला हिशेब. तेथे गुणांवरही निकाल लागे आणि नियम निराळे होते. तरीही खाशाबा सहावे आले. आता त्यांस तालीम हवी होती ती अधिक जोरबैठकांची नव्हे. त्या कधीच पुष्कळ झाल्या होत्या. हवी होती ती गादीवरच्या कुस्तीची व तिच्या नियमांची. पुढील चार वर्षे त्यांनी मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या प्रवासासाठी पैसा उभा राहत नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. गुणवान विद्यार्थ्याच्या चरित्रात शिक्षकाचे स्थान कोठे कोठे असू शकते, ह्याचे हे एक उदाहरण.

एखाद्या विद्येत पारंगत होण्यास दहा हजार तास लागतात, असे वाक्य अलीकडे प्रशिक्षणवर्गांतून वारंवार ऐकू येते. त्याचा उगम एरिक्सन व त्यांचे दोन सहकारी ह्यांच्या १९९३ सालच्या निबंधात आहे. बर्लिन येथील संगीत विद्यालयात व्हायोलिन शिकणाऱ्यांचे त्यांनी तीन गट पाडले. अठराव्या वर्षापर्यंत एकान्तात केलेल्या रियाजाचे सरासरी तास सर्वोत्तम गटात ७,४१०, चांगल्या गटात ५,३०१, आणि जे पुढे संगीतशिक्षक होणार होते त्यांच्या गटात ३,४२० भरले. विसाव्या वर्षी पहिल्या गटाची सरासरी दहा हजारांच्या घरात गेली होती. ही सरासरी होती, पात्रतेची अट नव्हे. पण २००८ साली एका लोकप्रिय इंग्रजी पुस्तकाने तिचा नियम करून टाकला, आणि खुद्द एरिक्सन ह्यांना तो मान्य नव्हता. त्या निबंधातील दुसरी एक नोंद मात्र मागे पडली. वरच्या दोन्ही गटांतील विद्यार्थी तिसऱ्या गटाहून जास्त झोपत असत. लक्षपूर्वक केलेला अभ्यास थकविणारा असतो व तो एका बैठकीत फार वेळ चालत नाही. शिष्यवृत्तीसाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत जादा तास घेणाऱ्यांनी ह्या नोंदीकडे लक्ष द्यावे.

तालमीने सर्व काही होते, असेही सिद्ध झालेले नाही. २०१४ साली ब्रुक मॅकनमारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. माणसामाणसांतील कौशल्याच्या फरकापैकी किती भाग अशा अभ्यासाच्या प्रमाणावरून समजावून देता येतो, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर आले ते बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८ आणि शालेय शिक्षणात अवघे ४. एरिक्सन ह्यांनी ह्या मोजणीवर आक्षेप घेतले आणि वाद पुष्कळ चालला. २०१९ साली व्हायोलिनचा अभ्यास पुन्हा करून पाहिला तेव्हा चांगल्या व सर्वोत्तम विद्यार्थ्यांच्या तासांत फरक आढळला नाही. आम्हांस ह्या वादातून एवढेच घ्यावेसे वाटते की, तास मोजून शिक्षकाचे काम भागत नाही. उपजत फरक असतात, आरंभ केव्हा झाला ह्याला महत्त्व असते, घरची स्थिती असते. आणि तासाच्या आत काय घडले हे तर तासांच्या बेरजेत दिसतच नाही.

तासाच्या आत काय घडते ते पाहावयाचे तर आपल्याच वर्गातील कित्ता घ्यावा. मुलाला वर एक ओळ लिहून देऊन खाली दहा ओळी गिरवावयास सांगितल्या, तर पहिली ओळ मूल कित्त्यावरून लिहिते, दुसरी पहिलीवरून, तिसरी दुसरीवरून. दहाव्या ओळीपर्यंत 'क्ष'चे वळण कित्त्यापासून सर्वांत दूर गेलेले असते. अभ्यास झाला खरा, पण चुकीचा अभ्यास झाला आणि चूक हाताला पक्की बसली. तेच मूल एक ओळ लिहील, ती कित्त्याशी ताडून आपल्याला सर्वांत वाईट वाटलेले अक्षर शोधील, लिहिलेली ओळ कागदाने झाकील आणि पुन्हा कित्त्याकडे पाहून दुसरी लिहील, तर तीन ओळींत अधिक काम होते. फक्त पहिल्या ओळीनंतर शिक्षकाची नजर त्या पाटीवरून एकदा फिरली पाहिजे.

पाढ्यांचेही तसेच आहे. सर्व वर्ग एका सुरात पाढे म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यास बरे वाटते. परंतु त्या सुरात 'सात अट्ठे' हे शब्द मोठ्याने म्हणून 'छप्पन्न'च्या वेळी केवळ ओठ हलविणारी मुले दडून जातात. एखाद्याला एकट्याने विचारले की त्याचा बहुतेक पाढा बरोबर असतो आणि अडखळण्याच्या जागा दोनतीनच निघतात. त्या दोनतीन जागा पुन्हा पुन्हा विचारावयाच्या. येत असलेला सबंध पाढा वीस वेळा म्हणून घेण्यात त्याचा वेळ जातो, आणि न येणारी जागा वीस वेळा तशीच निसटते. वाचनात जोडाक्षरांपाशी अडणाऱ्या मुलाला हेच लागू आहे.

द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन वर्ग असताना प्रत्येक मुलाची अडखळण्याची जागा शोधावी कशी, हा प्रश्न रास्त आहे. रोज तीस मुलांकडे पाहणे शक्य नसते. रोज पाच मुलांकडे दोन दोन मिनिटे पाहणे शक्य असते, आणि आठवड्यात तीसांची फेरी पुरी होते. त्या वेळात दुसरा वर्ग मूकवाचन किंवा लेखन करील. एका लहान वहीत मुलाच्या नावापुढे त्याच्या अडखळण्याची एकच जागा लिहावी, ती सुधारली की खोडून दुसरी लिहावी. आणखी एक नोंदवही कशाला, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण ही वही कोणास दाखवावयाची नाही व तिचा तक्ता वर पाठवावयाचा नाही, म्हणून ती टिकते.

आपल्या हातून घडणारे मूल पुढे कोणी मोठे होईल की नाही हे आपणांस कळणे शक्य नाही, आणि ते कळण्याची गरजही नाही. उद्दिष्टांच्या वर्गीकरणामुळे सर्व प्रशिक्षित शिक्षकांस परिचित असलेले बेंजामिन ब्लूम ह्यांनी १९८५ साली एक ग्रंथ सिद्ध केला. पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणितज्ञ व मेंदूविज्ञानातील संशोधक अशा सहा क्षेत्रांतील, तरुणपणीच शिखर गाठलेल्या १२० व्यक्तींचे पूर्वचरित्र त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौकशी करून मिळविले. पियानोवादकांचे पहिले शिक्षक बहुधा शेजारपाजारचे, फारसे नाव नसलेले, पण मुलांशी ममतेने वागणारे होते. त्यांच्याकडे जाणे मुलाला आवडे. काटेकोर शिस्त व बारीक तांत्रिक सुधारणा करणारे शिक्षक दुसऱ्या टप्प्यात आले, आणि त्या विद्येतील अधिकारी पुरुष तिसऱ्यात. पहिल्या टप्प्यात गोडी लागली नसती, तर दुसऱ्याची कडक शिस्त त्या मुलांनी सोसली नसती. लहानपणीच असामान्य म्हणून ओळखली गेलेली मुले ह्या १२० जणांत थोडी होती. प्राथमिक शिक्षक हा बहुतेक मुलांच्या बाबतीत हा पहिला शिक्षक होय.

वर ज्या निवाड्याचा उल्लेख केला त्यात वयाचाही एक धोका दडलेला असतो. कॅनडात बर्फावरील हॉकीच्या निवडक कनिष्ठ संघांत जानेवारी ते मार्च ह्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा भरणा फार असल्याचे १९८५ साली रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. तेथे वयोगटाची गणना एक जानेवारीपासून होत असे. म्हणून जानेवारीतील मूल डिसेंबरातील मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे, उंचीने व बळाने सरस. प्रशिक्षकांना ते गुणवान वाटे, निवडले जाई, चांगली तालीम मिळे, आणि मग ते खरोखरीच गुणवान होई. आपल्या पहिलीच्या वर्गातही सहा वर्षे नुकती पुरी झालेले मूल आणि सात वर्षांस टेकलेले मूल शेजारी शेजारी बसते. सहा वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे सहावा हिस्सा. कोणास हुशार किंवा मंद म्हणण्यापूर्वी हजेरीपटातील जन्मतारीख एकदा पाहावी. कित्येकदा खुलासा तेथेच होतो.

वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी करावयाच्या असतात. 'गणितात हुशार आहे', 'अभ्यासात मागे आहे' अशा नोंदी पुढील वर्गाच्या शिक्षकास काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी 'तीन अंकी बेरजेत हातचा विसरते. उदाहरण मोठ्याने बोलत सोडविले तर विसरत नाही' अशी नोंद असेल, तर नवे शिक्षक जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्या मुलीला फळ्यापाशी बोलावून तेथून पुढे सुरुवात करू शकतात.